चौथा गिअर गेला कुठे? जुन्या व्हॅनच्या ओव्हरड्राइव्हचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९०च्या दशकातली. पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर, ताकद मागच्या चाकांना, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. मीटरवर दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. मालकांचा ध्वनिक्षेपणाचा व्यवसाय, त्यामुळे व्हॅन सहसा स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तारांच्या भेंडोळ्यांनी भरलेलीच असते. गेली अकरा वर्षं ती एकाच चालकाच्या हाती आहे.

गिअरबॉक्सची रचना आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. या पिढीतल्या काही गिअरबॉक्सांत पहिले तीन गिअर निव्वळ तेलाच्या दाबावर पडतात. गाडीचा वेग गव्हर्नर सांगतो, पायाचा दाब थ्रॉटलची दांडी सांगते, आणि आतल्या झडपा त्यावरून ठरवतात. विजेचा तिथे संबंधच नाही. चौथा गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह मात्र कंप्यूटरच्या हुकमावर पडतो. त्याच्यानंतर लॉक-अप. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात फक्त तेल असतं, त्यामुळे थोडी घसरण कायम राहते. लॉक-अपचा क्लच दोन्ही बाजू एकमेकींना पकडून ठेवतो आणि घसरण थांबवतो. ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप, दोघांना एकेक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडमीट होणारी झडप आहे. कंप्यूटरने अर्थ (विजेच्या परतीची वाट) दिला की सोलेनॉइड उघडतो, अर्थ काढला की मिटतो.

लॉक-अप लागतो तेव्हा पाचवा गिअर पडल्यासारखंच वाटतं. बसलेल्या माणसाला दोन्हींत फरक कळत नाही.

तक्रार

मालक म्हणाले, ‘ओव्हरड्राइव्ह कधी लागतो, कधी लागत नाही, आणि लागला तर धरत नाही.’ चालकाने भर घातली की सकाळी मोकळ्या रस्त्यावर गाडी ओरडत जाते, आणि गर्दीतून बाहेर पडल्यावर मात्र नीट चालते. पण तेव्हाही मध्येच ‘फडफडते’. हा शब्द त्याचाच, आणि आमच्या कोणत्याही शब्दापेक्षा तो नेमका निघाला.

बोलता बोलता तो आणखी एक म्हणाला. हीटर पूर्वीसारखा तापत नाही. मी ते जॉब कार्डावर लिहून घेतलं आणि विसरलो.

डॅशबोर्डावर ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचं बटण आहे. ते दाबलं की दिवा लागायचा, पुन्हा दाबलं की विझायचा. म्हणजे हुकूम निदान कंप्यूटरपर्यंत पोचत होता. साठवलेले दोष-कोडही पाहिले. या काळातल्या गाड्यांत ते दिव्याच्या उघडझापीवरून मोजावे लागतात. एकही नव्हता.

समोरचे पर्याय

आमच्याकडे येण्याआधी गाडी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवून झाली होती. निदान होतं, ‘ओव्हरड्राइव्हच्या क्लच प्लेट गेल्या, गिअरबॉक्स उतरवायचा.’ मालक जवळजवळ तयार होते. म्हणून पहिला पर्याय ओव्हरहॉलचा.

दुसरा पर्याय चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, खोलून तेल, फिल्टर आणि सोलेनॉइड बदलण्याचा. मधला मार्ग म्हणून तो सगळ्यांना आवडतो.

तिसरा, काहीच न उघडता आधी मोजमाप करण्याचा.

चौथा पर्याय मालकांनी स्वतः सुचवला: ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून गाडी चालवत राहायची. तो वाटतो तेवढा वाईट नाही. तिसऱ्या गिअरात इंजिन जास्त फिरतं, पेट्रोल जास्त जातं, आवाज होतो, पण गिअरबॉक्सला इजा होत नाही. इजा होते ती गिअर सतत लागत-सुटत राहिला तर, कारण प्रत्येक वेळी क्लच थोडा घसरतो आणि तेल तापतं. म्हणून निदान होईपर्यंत बटण दाबूनच गाडी चालवा असं आम्ही सांगितलं. या प्रकरणातला आमचा हा एक निर्णय तरी पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

ओव्हरहॉल मला पटत नव्हता. जळालेल्या प्लेट घसरतात. गिअर बदलताना इंजिनचा आवाज चढतो, वेग वाढत नाही, आणि तेलाला करपलेला वास येतो. इथे चौथा गिअर घसरत नव्हता, तो येतच नव्हता. आणि आला की स्वच्छ यायचा. गर्दीत पंधरा मिनिटं घालवल्यावर जळलेली प्लेट बरी होत नसते.

तेल आणि दोन दिवसांचं समाधान

तेलापासून सुरुवात केली. चालक तेलाची पातळी दाखवणारी पट्टी इंजिन बंद करून बघायचा. इंजिन थांबलं की कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी वाढलेली दिसते. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ती तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी बघायची असते. लिव्हर काहींमध्ये पार्कवर, काहींमध्ये न्यूट्रलवर ठेवायचा, ते गाडीच्या पुस्तकातच बघावं. आमच्या मापाने जवळपास एक लिटर कमी होतं. रंग तांबूस-तपकिरी, करपट वास नाही. पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचं तेल भरलं.

आणि गाडी दोन दिवस उत्तम चालली.

मालक खूश, मीही खूश. त्या दोन दिवसांत गाडी कुठे कुठे गेली हे मी विचारलंच नाही. नंतर कळलं, दोन्ही दिवस जवळच्याच फेऱ्या होत्या, माल भरलेला, रस्ते गर्दीचे. तिसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ओव्हरड्राइव्ह पुन्हा गायब.

सोलेनॉइड बदलला, फरक शून्य

इथे मी घाई केली. दोष विजेच्या बाजूचा आहे असा अंदाज होता, फिल्टरसाठी चेंबर खोलायचाच होता, म्हणून दोन्ही सोलेनॉइडची जोडणी नवी बसवली. चेंबरमधल्या चुंबकावर बारीक राखाडी गाळ होता, तो या वयात चालतो. धातूचे कण किंवा प्लेटच्या अस्तराचे तुकडे नव्हते. ही माहिती मोलाची होती, त्यामुळे चेंबर खोलणं वाया गेलं नाही. सोलेनॉइड मात्र वाया गेला. जुना काढल्यावर त्याचा रोध मोजला: एकाचा २८ ओहम, दुसऱ्याचा २९. अशा ऑन-ऑफ सोलेनॉइडसाठी ते ठीकच म्हणायचं. हे माप बाहेरच्या कपलरवर, म्हणजे तारांच्या जोडावर, चेंबर न खोलता, पाच मिनिटांत घेता आलं असतं.

आकडे

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. या व्हॅनला आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटाच नाही. पण इंजिन दोन पुढच्या सीटांच्या मध्ये, झाकणाखाली आहे. प्लगच्या तारेला क्लिप लावून चालणारा मीटर जोडला आणि झाकणाच्या फटीतून वायर काढून डॅशवर ठेवला. व्हॅनची ही रचना एरवी फिटरच्या बोटांची सालं काढते, त्या दिवशी कामी आली.

मोजण्याआधी काय दिसायला हवं ते काढून ठेवलं. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, अंतर २.२ मीटर. मागची दोन्ही चाकं उचलून एकेक पूर्ण फेरा एकदम फिरवली, तेव्हा गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट साडेतीनहून थोडा जास्त फिरला. पुस्तकात ३.५५ होता. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर, म्हणजे चाकाचे ६०६ फेरे, म्हणजे शाफ्टचे साधारण २,१५०. तिसरा गिअर सरळ एकास एक असतो, त्यामुळे घसरण नसेल तर इंजिनही तेवढंच फिरणार. ओव्हरड्राइव्हचं प्रमाण ०.६९, म्हणजे १,४८५च्या आसपास. लॉक-अप सुटलेला असेल तर दोन्हींत दोन-अडीचशे मिळवायचे.

पुठ्ठ्यावर चार ओळी लिहिल्या. ८०च्या वेगाला:
तिसरा, लॉक-अप नाही: २,३५० ते २,४००
तिसरा, लॉक-अप लागलेला: २,१५०
चौथा, लॉक-अप नाही: १,७०० ते १,७५०
चौथा, लॉक-अप लागलेला: १,४८५

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी घेऊन निघालो. सपाट मोकळ्या रस्त्यावर बारा किलोमीटर गेलो, आरपीएमचा मीटर २,३७०वर. चौथा नाहीच, लॉक-अपही नाही. मग मुद्दाम गर्दीत शिरलो, पाऊण तास रांगत काढला आणि पुन्हा मोकळ्या रस्त्याला लागलो. २,३७०वरून १,७३०, मग १,४९०. चौथा आला, लॉक-अपही लागला. आणि लगेच फडफड सुरू: १,४९०, १,७३०, १,४९०, १,७३०, दर काही सेकंदांनी. आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर सगळंच सुटलं आणि मीटर परत २,३७०वर.

एका तक्रारीत दोन आजार होते. चौथा सुटला असता तर काटा साडेसहाशेने उडाला असता. फडफड दोनशे चाळीसची होती. म्हणजे फडफडताना ओव्हरड्राइव्ह जागच्या जागी होता, सुटत होता तो लॉक-अप. मालक, चालक, आधीचे मिस्त्री आणि मी, सगळे एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

लांब वायरची चाचणी

आता प्रश्न एवढाच उरला की सकाळी चौथा न येणं हा गिअरबॉक्सचा नकार की कंप्यूटरचा? वायरिंगचा नकाशा बघून ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडची अर्थची तार शोधली, तिला एक लांब वायर जोडली, केबिनमध्ये आणली आणि टोकाला बटण लावलं. बटण दाबलं की कंप्यूटरला न विचारता सोलेनॉइडला अर्थ मिळणार.

एक इशारा देतो. ही चाचणी साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडच्याच गिअरबॉक्सवर करावी. ज्यांत कंप्यूटर स्पंदनं देऊन तेलाचा दाब कमी-जास्त करतो तिथे थेट अर्थ देणं महागात पडू शकतं. नकाशा हातात नसताना अंदाजाने तार निवडू नये. आणि बटण गाडी तिसऱ्यात, ठरलेल्या वेगाला, ॲक्सिलरेटर हलका असतानाच दाबायचं. चालवणारा एक, दाबणारा दुसरा.

सकाळची थंड वेळ, ७० किलोमीटर, तिसरा गिअर. बटण दाबलं. एका सेकंदात चौथा पडला, कसलाही धक्का न देता. सोडलं, तिसरा आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. प्लेट, झडपा, तेलाचा दाब, सोलेनॉइड सगळे निर्दोष. ज्या गिअरबॉक्सला उतरवायला निघाले होते तो हुकमाची वाट बघत होता, आणि हुकूम येत नव्हता.

हुकूम का येत नव्हता

कंप्यूटर चौथा देण्याआधी काही गोष्टी बघतो: बटण, गाडीचा वेग, थ्रॉटलची स्थिती, इंजिनचं तापमान. लॉक-अपसाठी ब्रेकचा स्विचही. बटण तपासून झालं होतं, वेगाचा काटा नीट चालत होता. तापमानाशी आलो आणि जॉब कार्डावरचा हीटर आठवला. हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर तापतो.

थंड इंजिनला कंप्यूटर मुद्दाम ओव्हरड्राइव्ह देत नाही, इंजिन जास्त फिरून लवकर तापावं म्हणून. मर्यादा गाडीगणिक बदलते, अनेक ठिकाणी ती ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं चालवून गाडी थांबवली आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, सेन्सरचा कपलर काढून रोध मोजला: ३,९०० ओहम. या जातीचा सेन्सर २५ अंशांना १० हजार आणि ५० अंशांना साधारण ३,६०० दाखवतो. म्हणजे इंजिन ४८ अंशांवर. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला, तोही ४९ म्हणाला. सेन्सर खोटं बोलत नव्हता.

म्हणूनच कोडही नव्हता. कंप्यूटरच्या लेखी सेन्सर ठणठणीत होता, इंजिन फक्त थंड होतं. पुढच्या पिढीच्या गाड्या इंजिन वेळेत तापलं नाही तर पी०१२८ असा कोड देतात, या गाडीला तेवढी अक्कल नव्हती.

थर्मोस्टॅट बाहेर काढला. बोटांना गार लागत असतानाच तो तीन-चार मिलिमीटर उघडा होता, झडपेच्या कडेला गंजाचा थर अडकलेला. पाणी सतत रेडिएटरमधून फिरत होतं. वेगात वारा मिळाला की इंजिन गार, गर्दीत वारा थांबला की गरम. चालकाने सांगितलेलं उलटं वाटणारं लक्षण अक्षरशः खरं होतं. नवा थर्मोस्टॅट आधी भांड्यातल्या तापत्या पाण्यात सोडून बघितला, ८८ अंशांना उघडायला लागला, मग बसवला. कूलिंग सिस्टिम धुतली, नवं कूलंट भरलं आणि हवा काढली.

उरलेली फडफड

सकाळचा दोष गेला. फडफड वाढली. इंजिन आता लवकर तापत असल्याने लॉक-अपला लागायला जास्त संधी मिळत होती. मालकांचा फोन आला, ‘आधी अधूनमधून व्हायचं, आता सारखं होतंय. तुम्ही नेमकं केलंत काय?’ प्रश्न रास्त होता. दोन दोष आहेत हे आम्हाला पुठ्ठ्यावरून माहीत होतं, पण पहिला काढल्यावर दुसरा जास्त दिसेल हे त्यांना आधी सांगायला हवं होतं.

लॉक-अप झटक्यात सोडवणाऱ्या गोष्टी मोजक्या. ब्रेकचा स्विच पहिला: पेडल जरा जरी खाली बसलं तरी कंप्यूटरला ब्रेक दाबल्यासारखं वाटतं. मागे दुसरी गाडी ठेवून चालवलं. फडफडताना ब्रेकचे दिवे लागत नव्हते, म्हणजे स्विच निर्दोष सुटला. मग अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज तयार करणारं यंत्र. त्याचा डायोड गेला तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, करंट वायरिंगमध्ये शिरतो आणि सेन्सरचे संदेश गढूळ होतात. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजले. अर्ध्या व्होल्टापर्यंत गेले तर संशय घ्यायचा. इथे ते एक दशांशाच्याही आत होते.

राहिला थ्रॉटलचा सेन्सर. त्याला ५ व्होल्ट मिळतात आणि पाय दाबत जाल तसा परतीचा व्होल्टेज चढतो. डिजिटल मीटरवर आधी पाहिलं तर सगळं सुरळीत. मग काट्याचा जुना मीटर काढला. बटबटीत दिसतो, पण क्षणभराची उसळी किंवा पडझड डिजिटल आकड्यांत हरवते, काट्यावर दिसते. इग्निशन चालू, इंजिन बंद, पेडल अगदी सावकाश दाबलं. ०.६ व्होल्टपासून काटा सरळ चढला, १.२च्या आसपास टचकन खाली आला, परत वर. मागेपुढे केलं, दर वेळी तिथेच. सपाट रस्त्यावर ८०ला पाय नेमका तिथे स्थिर असतो. दोन लाख चाळीस हजार किलोमीटर आतला पट्टा त्याच जागी घासला गेला होता. कंप्यूटरला वाटायचं चालकाने पाय काढला, तो लॉक-अप सोडायचा, आणि पुढच्या क्षणी परत लावायचा. व्होल्टेज मर्यादेबाहेर जात नसल्याने इथेही कोड नाही.

सेन्सर बदलला.

निकाल

८०ला मीटर १,४९०वर थांबला आणि थांबूनच राहिला. मुद्दाम ब्रेकला हलका स्पर्श केला तर १,७३०, पाय उचलल्यावर काही सेकंदांत पुन्हा १,४९०. वागायला हवं तसंच. वेगात कूलंट ८७ ते ९० अंशांच्या दरम्यान. या वेळी दोन दिवसांवर विसंबलो नाही. आठवडाभर चालकाला वहीत लिहायला सांगितलं: वेळ, रस्ता, माल किती, गिअर कसा. सातही दिवसांत तक्रार नाही. पेट्रोलही कमी जायला लागलं. थंड इंजिनला कंप्यूटर जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे ते अपेक्षितच होतं.

पुन्हा करायचं झालं तर

हीटरचं वाक्य ऐकल्या क्षणी इंजिनचं तापमान मोजेन. त्याला दहा मिनिटं लागतात आणि चेंबरच्या बोल्टला हात लावावा लागत नाही. तेलाची पातळी पहिली बघणं बरोबरच होतं, पण गाडी सुधारली तेव्हा ‘कुठल्या रस्त्यावर, किती वेळ?’ हे विचारलं असतं तर तेलाला फुकटचं श्रेय मिळालं नसतं.

आरपीएमचा मीटर सोलेनॉइडच्या आधी यायला हवा होता. लांब वायरची चाचणीही. ती फसली असती, म्हणजे अर्थ देऊनही चौथा आला नसता किंवा घसरत आला असता, तर तेलाचा दाब मोजणं आणि मग गिअरबॉक्स उतरवणं हाच रस्ता होता, आणि आधीच्या मिस्त्रींचं निदान खरं ठरलं असतं. त्यांना मी दोष देत नाही. ‘ओव्हरड्राइव्ह गेला’ एवढंच ऐकून बहुतेक जण तिकडेच जातात.

सोलेनॉइडबाबत अजूनही माझं मन स्वच्छ नाही. त्याचे पैसे मी बिलात लावले नाहीत, पण बदलून ठेवलेला नवाच गाडीत राहू दिला, कारण परत काढायचा तर सगळं तेल पुन्हा उतरवावं लागलं असतं. जुना, २८ आणि २९ ओहमचा, पूर्ण चालू असलेला, कपाटात पडून आहे. चार ओळींचा पुठ्ठा इंजिनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून दिला आहे.